संत फानूरियोसच्या शेजारची सीट

...आणि सीटचा पट्टा बांधला कुणाला? संतांना! मला नाही, संतांना! तिथेच मला शंका आली होती, पण मला दिवसातून चाळीस वेळा शंका येते, आणि प्रत्येक वेळी तिचं ऐकायचं म्हटलं तर मी घराबाहेरच पडणार नाही... आई म्हणते, तशीही तू कुठे पडतेस! ते जाऊ दे.

तर तुम्हाला सांगते, नावं दिली होती दोघींनी, मी आणि माझी मैत्रीण दानाईने. चर्चची सहल. समुद्रकिनारा, पुरातन अवशेष, ताजी मासळी, आणि संध्याकाळी संत फानूरियोसची तसबीर किनाऱ्यावरच्या छोट्या देवळात भेटीला नेऊन परत. दरवर्षी ऑगस्टअखेरीस नेतात. मी म्हटलं, चला, वर्षभर क्लासमध्ये पोरांना व्याकरण शिकवून जीभ सुकली, जरा माणसांत जाऊ. आणि सकाळी सहाला दानाईचा निरोप, ‘मिर्तो, येत नाही गं, अर्गिरिस रुसलाय.’ रुसलाय! तिचा होणारा नवरा, एकोणतीस वर्षांचा घोडा, त्याला रुसायला नेमका आजचाच दिवस सापडला!

मी बसमध्ये चढले, तर पाद्री लेफ्तेरिसबाबांनी माझ्या शेजारची रिकामी सीट बघितली आणि दोन्ही हात वर केले, “देवाने सोय केली!” आणि ती तसबीर, चांगली माझ्या खांद्याइतकी उंच, चांदीने मढवलेली, खिडकीपाशी उभी केली. खिडकी माझी होती बरं का! पण संतांशी कोण भांडणार? आणि संत तरी कोण? हरवलेलं शोधून देणारे! किल्ली हरवली, शेळी हरवली, कानातलं हरवलं, की आमच्याकडे बायका त्यांच्या नावाने बिनअंड्याचा केक करतात आणि सात घरी वाटतात. बसमध्ये असे अकरा केक होते. सगळे मांडीवर. पट्टा फक्त संतांना. माझ्या सीटचा पट्टा ओढला तर नुसता हातातच आला.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून पोलिक्सेनी मावशी वळल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मांडीवर केकचा डबा, काळे कपडे, कानाने जरा जड, आवाज असा की समुद्रावरची होडी वळावी.

“एकटीच?”

मी म्हटलं, “हो मावशी.”

“थू, थू, नजर नको लागायला! एवढी शिकलेली, एवढी गोरीपान, आणि एकटीच? काळजी नको करूस पोरी, शेजारी कोण बसलंय बघ. शोधून देतील ते!” आणि अख्खी बस हसली. हसा म्हटलं, हसा.

मग घंटा वाजवणारे थ्रासिवुलोसकाका. हे चर्चची घंटाही वाजवतात, मेणबत्त्याही विकतात आणि सहलीत माणसंही मोजतात. सकाळी आवारात मोजली. अडतीस. मोजायचे कसे, तर ड्रायव्हरशेजारी उभं राहून, बोट नाचवत, चष्म्याशिवाय. चष्मा आहे, खिशात आहे, पण चष्म्यात ते म्हातारे दिसतात ना! आता साठी उलटून गेली, म्हातारे नाही दिसणार तर काय?

कॉफीला थांबलो. सगळे चौघे-चौघे, सहा-सहा जण टेबलं जोडून बसले, आणि मी एका टेबलाशी. वेटर आला. “एकटीच?” म्हटलं, हो. त्याने एक खुर्ची उचलून नेली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. मी कॉफी लवकर लवकर प्यायले हो, मला वाटलं आता टेबल नेतोय!

आणि पुन्हा बसमध्ये बसतोय तर ड्रायव्हर किंचाळला. मी उडालेच! झालं काय, तर संतांच्या चांदीवर ऊन पडलं आणि आरशातून थेट त्याच्या डोळ्यांत. “आंधळा झालो! संतांना झाका, नाहीतर मला उतरवा!” लगेच लेफ्तेरिसबाबांच्या बायकोने, पाद्रीणबाईंनी, आपली काळी शाल काढली आणि संतांच्या डोक्यावरून पांघरली. शाल घसरायला लागली. मग त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून शालीवर ठेवली! माझी! रुंद काठाची, निळ्या फितीची! विचारलं? छे! वर म्हणतात, “तुला पुण्य लागेल गं.”

तर तशी मी, उघड्या डोक्याने, भर उन्हात, अवशेषांत. फाटकाशी तिकीटवाली बाई. “किती? एकटीच?” अहो, तिकीट एकच मागितल्यावर काय वरात घेऊन येणार आहे का मी?

आता त्या अवशेषांत एक दगडी नाट्यगृह आहे. डोंगरउतारावर पायऱ्याच पायऱ्या, खाली गोल अंगण, त्याच्यापुढे थेट समुद्र. थ्रासिवुलोसकाकांना तिथे मोठेपणा सुचला. म्हणाले, “आपल्या पूर्वजांची कमाल बघा! खाली अंगणात कागद फाडला तर सगळ्यात वरच्या पायरीवर ऐकू येतो. वर कोण जातंय?” सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “मिर्तो जाईल! मिर्तो मोकळी आहे!”

मोकळी! तर गेले मी. चौपन्न पायऱ्या. वर पोचून हात हलवला. काका खालून ओरडले, “बस तिथेच! शांत राहा! मी सांगेपर्यंत हलू नकोस, आणि नीट ऐक!”

मी ऐकायला लागले. डोळे मिटून. काहीच ऐकू येईना. म्हटलं, माझेच कान... लहानपणी मला कानाचं दुखणं होतं, तुम्हाला सांगते, तेच उलटलं असणार. आणखी मन लावून ऐकलं. आता वाटायला लागलं, हां, काहीतरी कुरकुरलं! फाडला वाटतं कागद! आणि मी ओरडले, “आला! ऐकू आला!” तर पाठीमागून एक शेळी माझ्या मानेवर फुरफुरली आणि मी अशी काही किंचाळले, अशी किंचाळले, की ती किंचाळी खाली गेली, अंगणात फिरली, खांबांना लागली आणि जशीच्या तशी माझ्याकडे परत आली. पूर्वजांची कमाल आहे हो, वादच नाही! पण खाली ऐकायला कोण होतं? कुणीच नाही!

मासे! खानावळवाल्याचा फोन आला असणार, मासे चुलीवर चढले म्हणून, आणि माझी सगळी माणसं, अकरा केकांसकट, निघाली. आणि वरून मला काय दिसावं? किनाऱ्याच्या रस्त्याने आमची बस चाललीय, पांढरी, ऐटीत. आणि खिडकीत काळी शाल, वर निळ्या फितीची टोपी... मीच! माझी टोपी घालून मीच बसमध्ये बसलेय आणि समुद्र बघतेय!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काकांनी चष्म्याशिवाय बोट नाचवलं असणार. शाल, टोपी... छत्तीस, सदतीस, अडतीस! भरले, चला! हरवलेलं शोधून देणारे संत, आणि ते माझ्या जागी मोजले गेले! आता मला शोधायचं कुणी? आणि का? हिशेबात तर मी हरवलेलीच नाही! मूल मागे राहिलं की आई ओरडते, नवरा राहिला की बायको ओरडते, शेजारच्या सीटवाला राहिला की शेजारी. माझ्या शेजारी कोण? संत. आणि संत बोलत नाहीत, आणि बोलले असते तरी शालीखाली कुणाला ऐकू आलं असतं?

पळत फाटकाशी आले. कुलूप. तिकीटवाली तीन वाजता घरी जाते, तिथे तसा फलकच आहे. बाजूची भिंत पडकी होती म्हणून बाहेर आले, ढोपर खरचटलं. रस्ता ओसाड. रातकिडेसुद्धा दुपारी ओरडतात आमच्याकडे, आणि ओरडणं असं की जणू सगळे मिळून मलाच विचारताहेत, एकटीच? एकटीच? एकटीच?

फोन लावला. दानाई. बंद. रुसवा काढणं चाललं असणार. आई. वाजतोय, वाजतोय... आईचा फोन फ्रीजवर असतो आणि आई अंगणात असते, दोघांची गाठ रात्री जेवायला पडते. थ्रासिवुलोसकाका. दुसऱ्या कॉलवर, मासे वाढू नका, पोचलोच, असं काहीतरी चाललं असणार. लेफ्तेरिसबाबांचा लागला, पण उचलेनात. कसा उचलतील? बसमध्ये क्लॅरिनेटची गाणी लावली की बाबा स्वतः टाळ्या वाजवतात. पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा लावताना माझ्या लक्षात आलं की मला रडू येतंय, आणि ते हरवल्याचं नाहीये. चाळीस मिनिटं झाली होती हो! चाळीस मिनिटांत एकानेही मागे वळून त्या टोपीला म्हटलं नाही, मिर्तो, केक घेतेस का? मिर्तो, बरं वाटत नाही का, गप्प का? म्हणजे रोज मी असते तेव्हाही मी त्यांना तेवढीच दिसते का, एका टोपीएवढी?

मग फोनमध्ये शेवटचं नाव दिसलं. पोलिक्सेनी मावशी. सकाळी त्यांनीच आपला फोन माझ्या हातात कोंबला होता, “तुझा नंबर घाल यात, नि माझा तुझ्यात, मला नाही जमत.” लावला. एक रिंग. दोन. मी मनात म्हटलं, ह्यांना तर स्वतःचं नावही ऐकू येत नाही. सहा. सात.

“कोण? कोण आहे? बोला!”

“मावशी! मी मिर्तो! मावशी, मी—”

“मिर्तो! अगं वाजला! ऐकलं का सगळ्यांनी, माझा फोन वाजला! थांब पोरी, ठेवू नकोस हं, ठेवू नकोस! दोन वर्षं झाली गं, लेकाने मेलबर्नहून पाठवला त्याला. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र, त्याला वेळ असतो तेव्हा मी झोपलेली म्हणून तो करत नाही, आणि बाकी कोण करतंय मला? रोज रात्री चार्ज करते, उशाशी ठेवते, आणि सकाळी बघते, काही नाही. आज पहिल्यांदा वाजला बघ! तू केलास! किती गुणाची आहेस! सांग, काय म्हणतेस? नाही, आधी माझं ऐक...”

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले, ढोपरावर फुंकर घातली आणि म्हटलं, “बोला मावशी, सावकाश बोला. मला कुठे जायचंय!”