तिचे पाच मंगळवार

काय सांगू तुमाला, आमचं गाव विट्याच्या बाजूला, हितं घरटी एक तरी गडी गलाईला भाईर. गलाई म्हंजी सराफाकडचा कचरा भट्टीत आटवून त्यातनं सोनं-चांदी काढायची. बा त्येच करायचा, मी बी तिकडं तमिळनाडूत गेलो. बायका गावात, गडी तिकडं, दिवाळीला आन जत्रंला तेवढं घरला यायचं, ह्यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत न्हाई.

आता लपवून काय करू, तिकडं एका बाईकडं जात हुतो. मग खाली फोड उठलं, नुसती आग आग, ताप बी आला. जोडीदार म्हणाला, आरं भट्टीची उष्णता हाय गड्या, सब्जा पी. आमच्यात काय बी झालं तरी भट्टीवरच ढकलायचं. आठ-दहा दिसांत फोड गेलं, मला वाटलं सुटलो. जत्रंच्या तोंडावर परत जरा चुणचुण झाली, पर दिसत काय न्हवतं, तसाच घरला आलो.

मी माघारी गेलो आन हिकडं सुमन, माझी बायको, तापानं फणफणली, लघवीला बसली की रडायची. आई म्हणाली देवीचा कोप हाय, तुझ्याच हातनं निवद चुकला. आन सुमननं त्ये खरं धरलं वो! पाच मंगळवार अनवाणी डोंगरावर यीन म्हणून देवीला बोलली.

फोनवर ऐकून मी चरकलो. परत फोड आलंच हुतं, तसाच गाडी धरून हिकडं आलो आन सांगलीला कातडीच्या डॉक्टरास्नी दाखवलं, एकट्यानंच. फोडातलं पाणी तपासलं, म्हणाले हर्पीस हाय, मुळासकट जात न्हाई, गोळ्यांनी दबतं, अंगावर काय नसलं तरी बायकोला लागतं, तिला घेऊन या. मी काय इचारावं? कुणाकडनं कुणाला आलं त्ये रिपोर्टात येतं का? न्हाई म्हणाले. आवं, लाज वाटती सांगायला, पर मला बरं वाटलं तवा.

घरात कुणाला काय बोललो न्हाई, आन मी तिच्या मागनं डोंगर चढलो, चार मंगळवार. ती अनवाणी, मी पायात चपला घालून. करावं तसं भरावं म्हणत्यात, हितं केलं मी आन भरलं तिनं. पाचव्याला तिची टाच फुटून रगात आलं, पायरीवर बसली, म्हणाली, माझं काय चुकलं आसंल वो? मग मला ऱ्हावलं न्हाई, सगळं सांगितलं. तिनं पदरानं टाच पुसली. मग म्हणाली, एवढं मंगळवार मागनं चाललासा, तोंड न्हवतं व्हय तुमाला?

आईला बी सांगितलं. ती चार दिस माझ्याशी बोलली न्हाई, पर सुनंची माफी काय मागितली न्हाई.

आता गलाई सोडली, गावातच ऱ्हातो. दोघांच्या तपासण्या झाल्या, गोळ्या घेतो, तरास झाला की लांब झोपतो, जे काय आसंल त्ये बोलून. सुमन म्हणती मला राग न्हाई. पर बाजारातनं मेथी आणली म्हणलं तरी पिशवी उघडून बगती. बगू द्या. मी उघडूनच तिच्या म्होरं ठिवतो.