दादाचा खर्ज

नाही, पण मला सांगा, धूळ पुसायची तर माणसाने वरवर पुसावी ना? बटणांच्या खाचाखोचांत बोळा घालायची काय गरज होती? पण मी घातला! दादाचा अ‍ॅम्प हो... म्हणजे गिटारची वायर ज्यात खुपसतात तो स्पीकरचा खोका... गिटारसकट पस्तीस वर्षं माझ्या माळ्यावर पडून होता. रविवारी दादा येणार म्हणून खाली काढला, दुरुस्तीवाल्याकडून वायरी बदलून घेतल्या, नव्या तारा चढवल्या, इथपर्यंत ठीक. मग पुसला! आणि पुसता पुसता दादाने लावून ठेवलेली सगळी बटणं शून्यावर! हात लावायला नको होता!

तुम्हाला सांगतो, काय खर्ज यायचा त्यातून! दादाने जाड तार छेडली की कपाटातल्या वाट्या गुणगुणायच्या. कानात नाही, पोटात ऐकू यायचं! पुढे तो नोकरीला परगावी गेला आणि गिटार सुटली ती सुटलीच. आता निवृत्त झालाय, एका दुपारपुरता येणार... म्हटलं, एकदा, फक्त एकदा त्याच्या हातून तो आवाज ऐकायचा. आणि मी काय केलं? शून्य!

बास वाढवला, तर कुणीतरी पिंपात तोंड घालून बोलतंय! ट्रेबल कमी केला, तर आवाजाला सर्दी! मिडल वाढवला, तर बायको आतून, "अहो, मिक्सर कुणी लावला?" दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो नाकातून बोलतो, "साह्येब, बास सातवर, ट्रेबल तीनवर, मिडल... आता तुमच्या नशिबावर!" तीन दिवस एका हाताने बटण पिळतोय, दुसऱ्याने तार छेडतोय, आणि वाट्या ढिम्म! हात लावायला नको होता हो...

रविवारी दादा आला. चप्पल काढायच्या आत मी कबुली दिली, "दादा, तुझी बटणं हलली रे माझ्याकडून!"

"कसली बटणं? मी तर सगळी मधोमध ठेवायचो," म्हणाला. ती मधोमध केली, खोका ढकलत कोपऱ्यात नेला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्या पलंगावरची रजई त्याच्यावर टाकली!

"हे काय रे?"

"काय म्हणजे? तूच ओरडायचास ना शेजारच्या खोलीतून, 'आवाज कमी कर, माझी परीक्षा आहे!' मग तोंड भिंतीकडे केलं. तरी ओरडलास, मग रजई घातली. तरी ओरडलास..." त्याने गिटार मांडीवर घेतली. "मग काय, नोकरीच लागली."

आणि त्याने जाड तार छेडली. वाट्या गुणगुणल्या हो! त्याच! मला रडूच कोसळलं, मी तोंड फिरवून बसलो. तर दादा वाजवता वाजवता थांबला, आणि मला... छप्पन वर्षांच्या घोड्याला... हळूच विचारतो, "त्रास नाही ना होत तुला?"

इतके दिवस घोकत होतो, हात लावायला नको होता. हात कसला? तेव्हा तोंड उघडायला नको होतं! आणि ती परीक्षा विचारताय? नापास! पुन्हा बसलो... पुन्हा नापास!