एक नंबरची एक चांदणी

"हॅलो? … हॅलो, रक्षिते? … थांब गे, कातळावर चढते. अंगणात नुसतं खरखरतंय."

सुंदरीने कुळीथ पाखडायचं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि घरामागच्या कातळावर चढली. अणशीच्या या बाजूला रेंज हवी तर कातळाला शरण जावंच लागतं. त्यात धारवाडला शिकणाऱ्या भाचीचा फोन, म्हणजे आज कौतुक ऐकायला मिळणार याची तिला खात्रीच होती.

"हां, बोल आता. बघितलंस न्हवं? सगळ्या वाडीनं चांदण्या दिल्या तुझ्या अ‍ॅपला! … रडतेस कशाला? … एकच? व्हय, एकच! मीच सांगितलं सगळ्यांस्नी, पोरीचं काम एक नंबर हाय, एकच दाबा. उमाजीभावोजी तर पाच दाबत हुते, मी हात धरला तेंचा. म्हटलं, पाचवा नंबर काय देताय पोरीला? … काय? … पाच म्हंजे पयला? … आनि एक म्हंजे…"

सुंदरी मटकन खाली बसली. करायला गेली गणपती नि झाला मारुती! भाचीचं नाव वर काढायच्या भरात तिने सगळ्या वाडीकडून ते पार गाळात घालवलं होतं.

"हो, हो… अगं ऐक ना! बदलता येतंय न्हवं ते? आत्ता जाते आनि सगळ्यांस्नी पाच करायला लावते. … नको? का नको? … खेळलं कोण म्हंजे? मी खेळले की. … बाकीचे? लखूनं उघडून बघितलं. शांतीनं उघडलं बी न्हाई, नुसतं दाबलं. … न खेळता पाच दिले तरी ते खोटंच? … व्हय बाई, ते बी खरं. आमटी न चाखताच मीठ बरोबर म्हणायचं, तसलं झालं."

आता हे अ‍ॅप म्हणजे एम्युलेटर. जुन्या बटणांच्या मोबाइलवरचे खेळ त्यात नव्या फोनवर चालतात. अ‍ॅप रक्षिताने स्वतः बनवलेलं, पण आत ठेवलेला होडीचा खेळ मात्र कुठल्याशा बुडालेल्या कंपनीचा. तो तिला कुठूनतरी मिळाला आणि तिने ठेवून दिला. त्या होडीपायीच तर लोक अ‍ॅप घेत होते.

"आनि तो रामनगरचा कोण कृष्णा, तेनं लिहिलेलं वाचलंस? 'हा खेळ माझा आहे, मला कोणी विचारलं नाही.' मेला! तेच्याखाली मी लिहून ठेवलंय, तुझ्या बापाचा हाय काय? … हसायला काय झालं? … म्हंजे? … खरंच तेचाच? … तेनंच बनवलेला?"

सुंदरीने कपाळाला हात लावला.

"पर कंपनी तर बुडली न्हवं? … कंपनी बुडली, माणूस हाय. व्हय की. … तेनं तक्रार केली तर अ‍ॅपच काढून टाकतील? आगो बाई! … न्हाई गे, ह्यात चूक तुझी. आपल्यात बेणं मागितलं तर कोण न्हाई म्हणतंय? परड्यातला कंद काढून देतात, वर कसा लावायचा ते बी सांगतात. पर इचारायला लागतंय! न इचारता उपटलेला सुरण घशात खाजणारच. … मी येते तुझ्यासंगट रामनगरला. पाया पडू तेच्या. म्हणू, पोरगी चुकली, आनि मावशी तर ठार येडी. … काय? … कोण हाय लाईनवर? … माफी मागायला तूच जोडलंस तेस्नी? … कवापासनं? … पयल्यापासनं!"

सुंदरीने घाईघाईने डोक्यावरून पदर घेतला. फोनमधल्या माणसाला तो दिसणार नव्हता, तरी घेतला.

"नमस्कार हां, कृष्णाण्णा… ते 'मेला' आपलं तोंडातनं गेलं… आनि ते बापाचं बी… हसताय? मग बरं. … पोरीला माफ करा, अण्णा. तुम्ही सांगितलं तर काढंल ती खेळ. … मी? व्हय, खेळते की, रोज. … चांदण्या नकोत? मग काय पायजे? … खरं सांगू? … पयला टप्पा लई भारी. पाणी कसं, आपल्या काळी नदीगत. सुप्याचं धरण व्हायच्या आधी नदी कशी हुती, आमची आई सांगायची, तस्संच. पर तिसऱ्यात होडी भोवऱ्यात गेली की उजवं बटण चालतच न्हाई. कितीबी दाबा, बुडणारच. मला वाटलं, माझंच बोट जड. … हॅलो? … अण्णा?"

सुंदरीने फोन झटकून पुन्हा कानाला लावला. आता हा बाबा खेळ काढायला लावणार आणि पोरीची सगळी मेहनत पाण्यात जाणार. एवढं खरं बोलायची काही गरज होती का, असंही तिला वाटून गेलं.

"अण्णा, राग आला काय? … न्हाई? … चूक तुमचीच राहिली हुती? घाईत? … आनि येवढ्या वर्षांत कोणी सांगितलं न्हाई? … तिथवर कोण खेळलंच नसंल, म्हणताय? मी खेळले की, अण्णा! … अहो, रडताय कशाला? … काय? … ठेवू दे खेळ? … खाली तुमचं नाव घालायचं? खाली कशाला, वरच घालंल ती! … आनि बटण तुम्ही दुरुस्त करून देणार? रक्षिते, ऐकलंस? हो म्हणाले गे!"

रक्षिता पलीकडे काय ओरडली ते धड कळलं नाही, पण सुंदरीने फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"हां, बोला अण्णा. … पयल्यापासनं सांगू? सगळं? … कुठं अडले, कुठं मजा आली… सांगते की! … रक्षिते, तू ठेव गे फोन. आमचं बोलणं चाललंय."

आज्ञाधारक भाचीने फोन ठेवला, आणि तिच्याच फोनवरून जोडलेले कृष्णाण्णाही त्याबरोबर गेले.

"हॅलो? … हॅलो? … अण्णा?"

सुंदरी स्वतःलाच शिव्या घालत होती, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून घंटी वाजली.

"हॅलो? … तुम्हीच! … रक्षितेनं दिला नंबर? … व्हय, बसले नीट. ऐका तर मग. होडी काठावरनं सुटली…"