उजव्या फुलाचा कौल

आळेफाट्याच्या स्टँडवर आमिनाबी नाशिकच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर चुलता-पुतणीची अशी जुंपली होती, की कान झाकून घ्यायचीही सोय उरली नव्हती.

"नोकरीचं खूळ सोड, आरते. देवाला फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर नको. डावं पडलं."

"तात्या, ताईच्या शाळेचा कौलबी तुमीच लावला व्हता. तवाबी डावंच पडलं, आन् तिचं लगीन उरकलंत."

"नशीब तिचं!"

"कसलं नशीब? मी दुसरीत व्हते. वर ऱ्हायलेल्या उजव्या फुलाला मुंग्या लागल्या व्हत्या. बोट लावून चाटलं, तर गूळ!"

"निवदाचा आसंल."

"आन् एकाच फुलाला लागला? तवाच कळलं मला, आमचं नशीब तुमच्या खिशात आसतंय."

"देवाची चेष्टा करती?"

"देवाची कशाला? तुमची करते."

गाडी लागली. आरतीनं पिशवी उचलली.

"आरते, आजचा कौल खरा हाय!"

"मग देवळात जा, आन् उजव्या फुलाला मुंग्या लागल्यात का बघा. तवर मी नाशकाला पोचते."