उजवीकडची फट

हॅलो?… हो, मीच बोलतेय. शोरूममधून का?… अगं ताई, तू होय. मला वाटलं तेच लोक. सकाळपासून चार वेळा फोन लावला, नुसतं संगीत ऐकवतात आणि कट करतात.

नाही गं, आवाज नाही चढवला… बरं, चढलाय. तुझ्यावर नाही. तू मध्ये सापडलीस इतकंच.

हो, तीच गाडी. बावीस दिवस झाले घरी येऊन. त्यातले चार दिवस तरी सुखाचे गेले असतील तर शपथ.

इंजिन उत्तम आहे. पत्रे बसलेले नाहीत… पत्रे, ताई. बॉनेट, दारं, चाकावरचा पत्रा. एकमेकांत नीट बसायला नकोत? बॉनेटच्या डाव्या कडेला माझं नख जात नाही आणि उजवीकडे अख्खी करंगळी जाते. पुढचं उजवं दार बंद केलं तरी मागच्या दारापेक्षा बाहेरच राहतं. जाता-येता बाही अडकते त्याच्या कडेला.

अगं ऐक ना. नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. पहिल्यांदा धुतली तर ह्यांच्या पायाखाली पाणी. जरा वेग घेतला की दारातून शिट्टी वाजते. नव्या गाडीत, ताई.

किरकोळ म्हणू नकोस. तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय मी. चौकडीच्या कापडावर खिसा लावताना एक रेघ सरकली तरी लोक परत आणतात, आणि मी तोंड न उघडता उसवून देते. खिसा आहे तो. ही गाडी आहे.

गेलो ना. एकदा नाही, तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, सगळ्या नव्या गाड्यांना एवढं असतंच. म्हटलं, बरं. तिथेच आवारात अकरा गाड्या उभ्या होत्या त्याच मॉडेलच्या. एकेकीच्या बॉनेटला बोट लावत फिरले… लाज कसली? एकीतही बोट गेलं नाही. दुसऱ्यांदा दोन दिवस ठेवून घेतली. परत आली तर दार घासायला लागलेलं, आधी निदान घासत तरी नव्हतं.

आणि तिसऱ्यांदा… तिसऱ्यांदाचं तुला सांगितलंच नाही मी. तोंडच झालं नाही सांगायला.

त्यांचा तो माणूस, टाय लावलेला, सगळ्यांसमोर ह्यांना म्हणतो, "काका, बेसमेंटमध्ये खांब असतात. वळवताना कुठे घासली असेल तुमच्याकडून. नीट आठवून बघा, या वयात राहत नाही लक्षात." सहा गिऱ्हाइकं बसली होती सोफ्यावर. एकजण तर हसला.

हे काय बोलणार. तुला माहीत नाहीत का हे? आयुष्यात कुणाला उलट बोललेले नाहीत. निवृत्त झाल्यावर गाडी शिकले, लायसन्स मिळालं तर आठ दिवस खिशात घालून हिंडत होते. म्हणाले, "असेल बुवा. लागली असेल." आणि सही करून दिली, चूक आमची म्हणून.

हो, दिली. मी बिल बघायला काउंटरवर गेले होते. येईपर्यंत करून मोकळे.

ते ठीक नाहीत, ताई. तेच तर सांगतेय. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही. रोज दुपारी टॉर्च घेऊन खाली जातात आणि बेसमेंटचे खांब तपासतात. एकेक खांब. कुठे आपल्या गाडीचा रंग लागलाय का बघतात… आत्तासुद्धा खालीच आहेत, उताराच्या तोंडाशी, खिडकीतून दिसतायत. मी म्हटलं, अहो, रंग नाही सापडला म्हणजे तुम्ही ठोकली नाही, झालं. तर म्हणाले, "बाहेर कुठे ठोकली असेल. मला आठवत नाहीये ना, तेच वाईट आहे."

सासूबाईंचे शेवटचे दिवस तू पाहिलेस ना? गॅस उघडा ठेवायच्या. ह्यांनाच विचारायच्या, तुम्ही कोणाकडे आलात म्हणून. तेच घेऊन बसलेत डोक्यात. आईचं आपल्यात आलं.

वेडेपणा? बरं, मग पुढचं ऐक. काल धुवायला शर्ट काढला तर खिशात चिठ्ठी. मेंदूच्या डॉक्टरांची. एकटेच गेले होते, सोबत दोन बसची तिकिटं होती. मला सांगितलं बँकेत जातोय. चिठ्ठीत सगळं लिहिलंय, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. तरी खाली लिहिलंय, पेशंटने पुढची तारीख मागून घेतली. सुरुवातीला कळत नाही ना म्हणतात, म्हणून असेल… मी काय केलं? चिठ्ठी परत खिशात ठेवली आणि शर्ट तसाच खुंटीला लावला.

भाऊजींना? अगं, भाऊजींना तर पहिल्याच दिवशी सांगितलं. तिथले वर्कशॉप मॅनेजर तुझे यजमान, त्यांना नाही सांगणार तर कुणाला? बघतो म्हणाले. बावीस दिवस बघतायत.

तक्रार? तुला कोणी सांगितलं तक्रारीचं?… भाऊजींनी. सकाळी शोरूमला मेसेज टाकला होता मी, म्हणजे माझे फोन कट होतात, पण निरोप पोचतात.

हो, करणार आहे. ग्राहक मंचात करणार, कंपनीला लिहिणार. का नको करू? आज सकाळी मी डेंटर बोलावला घरी, गाडीचे पत्रे ठोकून सरळ करणारा, मागच्या गल्लीतले म्हातारेबुवा. त्यांनी बॉनेट उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "बाई, हा पत्रा एकदा निघून परत बसलाय." बिजागरीचे बोल्ट दाखवले. डावीकडच्या बोल्टवर रंग कसा गुळगुळीत, उजवीकडे पान्याने खरवडलेला. दाराचं रबर ओढून दाखवलं, आत रंगाची रेघ. चिकटपट्टी लावून रंग मारला की तशी रेघ राहते म्हणाले. पूर्ण उजवी बाजू दुरुस्त केलेली आहे.

दुरुस्ती आमच्याकडे आल्यावर कशी होईल? मी डिलिव्हरीच्या दिवसाचा फोटो मोबाईलवर उघडला आणि मोठा करून पाहिला. शोरूमच्या दारातला, आपण तिघं उभे आहोत तो. फट आहे त्यात. गाडीने अजून रस्तासुद्धा बघितला नव्हता, ताई. म्हणजे ठोकलेली गाडी नवी म्हणून विकली. आणि वर ह्यांच्याकडून सही घेतली.

हो… हो… मला कळतंय, असं होतं कधीकधी. पण…

काय म्हणालीस?

नाही, त्याच्या आधीचं. परत म्हण.

"ट्रकवरून उतरवताना जरासं लागतंच."

ताई, मी ट्रकचं नाव काढलं का? डेंटरनेही नाही काढलं. कशाने लागली ते मला अजून माहीत नाही. तुला कसं माहीत?

बोल ना.

फोन चालू आहे. तुझ्याकडचा कुकर ऐकू येतोय मला.

कधीपासून?… कधीपासून माहीत आहे एवढंच विचारतेय… डिलिव्हरीच्या आधीपासून.

म्हणजे त्या दिवशी तू आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसून घरापर्यंत आलीस, ते माहीत असून. ह्यांना म्हणालीस, काय जपून चालवता हो. मी तुला दहा वेळा म्हटलं, लोक दोन-दोन महिने थांबतात आणि भाऊजींमुळे आम्हाला दहा दिवसांत मिळाली, त्यांचे उपकार कसे फेडू. तू म्हणालीस, उपकार कसले, घरचंच आहे.

थांब. रडू नकोस. एक सांग. ह्यांच्यावर ढकललं, ते माहीत होतं?… हो की नाही?

होतं.

त्या दिवशी भाऊजी केबिनमध्ये होते. काचेपलीकडे. मी पाहिलं होतं त्यांना, फाइलीत मान घालून. मला वाटलं, कामात आहेत बिचारे.

नोकरी जाईल, मान्य. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तेही मान्य. मला नोकरीचं कळत नाही असं नाही. पण तू पंधरा मिनिटांवर राहतेस, ताई. नुसतं येऊन ह्यांच्या कानात सांगायचं होतंस, तुम्ही नाही ठोकली. एवढं एक वाक्य. मी पुढे काही विचारलं नसतं गं… विचारलं असतं, पण नंतर.

मला तुझं नाही ऐकायचं आता. भाऊजी आहेत घरी?… मग दे त्यांना. झोपले असतील तर उठव.

…

भाऊजी, नमस्कार. नाही, तब्येतीचं राहू द्या. मला नीट सांगा काय झालं ते. पहिल्यापासून.

हं… मागच्या आवारात… ट्रकची फळी सरकली… उजवी बाजू लोखंडी खांबावर. बरं. मग कळवलं का नाही वर?… तुमच्या देखरेखीखाली होतं म्हणून. हं. आणि आतल्या आत दुरुस्त केली.

समजलं. आता मला दुसरं सांगा. एवढी गिऱ्हाइकं होती, मग आम्हालाच का?

…

"घरची माणसं सांभाळून घेतील."

नाही, मी ऐकतेय. ह्यांनी घेतलंच की सांभाळून, सही करून.

भाऊजी, लहानपणापासून तुम्हाला मान देत आले. तुमच्या लग्नात मी अकरा वर्षांची होते. आजही तुमच्यावर ओरडत नाहीये, हे लक्षात घ्या. गाडी तर मी बदलून घेईनच, ते माझं मी बघते. तुम्ही एक करायचं. आत्ता जे मला सांगितलंत ते ह्यांना सांगायचं… आत्ता. उद्या नाही, घरी येऊन चहा घेऊन नाही. फोनवर, आत्ता. थांबा, फोन ठेवू नका. ठेवलात तर मी रिक्षा करून तुमच्या दारात येईन आणि शेजारपाजार गोळा करीन.

अहो… अहो, इकडे बघा, वर. खिडकीत. वर या जरा… राहू दे तो खांब, या तुम्ही.

येतायत. लिफ्ट बंद आहे, तीन जिने चढायला वेळ लागेल. तोवर शब्द जुळवा. आणि हो, "गैरसमज झाला" असं म्हणायचं नाही. गैरसमज नव्हता तो.

या. बसा आधी. काही झालं नाही, सगळे बरे आहेत. भाऊजींचा फोन आहे… टॉर्च द्या माझ्याकडे. धरा. नुसतं ऐका.

…

…

अहो, पाणी देऊ?

…

झालं? द्या इकडे.

कोण, ताई?… हो, ऐकलं त्यांनी. तुझ्या नवऱ्याला काय म्हणाले ते तू ऐकलंस का? म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो तर." आणि मग विचारलं, तुमचं बीपी कसं आहे. असा माणूस आहे हा. मी नसतं विचारलं, तेही सांगून ठेवते.

तक्रार जाणार. सोमवारी. भाऊजींनी खरं लिहून दिलं तर तेही त्यात घालीन, की शेवटी त्यांनी स्वतःच कबूल केलं. याच्यापुढे मला काही जमणार नाही… शब्द नाही देत. नोकरी वाचेल की नाही मला माहीत नाही.

तू नको येऊस. आज नाही, उद्याही नाही… कधी ते मला नाही सांगता येत, ताई. बहीण आहेस, ते काय पुसून जाणार आहे का. पण आत्ता तुझा आवाज नको वाटतोय मला.

ऐक, हे आत गेलेत. भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, आवाज येऊ नये म्हणून टॉवेल धरलाय तोंडावर. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नव्हते रडले.

ठेवते मी.