चकचकीत केलेला तवा

...आणि वर मलाच विचारतात, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला स्वस्थ बसवत नाही का म्हणून. नाही बसवत, मान्य आहे, पण माणूस घरात काही काम करायला उठला की त्याच्याकडे असं बघायचं का, जसा काही तो काडेपेटी घेऊनच निघालाय? तुम्हाला सांगतो, माझा हेतू चांगला होता. पुढे जे झालं त्याची लाज वाटते, आत्ता बोलतानाही कान गरम झालेत बघा, पण हेतू चांगला होता, एवढं आधी ऐकून घ्या.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या आणि बायको, दोघी आठवड्यासाठी माझ्या थोरल्या मेहुणीकडे गेल्या. जाताना सासूबाईंनी सगळं नेलं, गोळ्या, दोन चष्मे, उशीसुद्धा... आणि तवा तेवढा ठेवून गेल्या. बिडाचा तवा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एका हाताने उचलायला जावं तर मनगटच नको म्हणतं. सासरे ओतशाळेत कामाला होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तो स्वतः साच्यात ओतला. एक्केचाळीस वर्षं सासूबाई त्यावर स्वयंपाक करतायत. सासरे गेले, तवा राहिला. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मला दिसलं काय, तर काळाकुट्ट, कडेला खपल्या धरलेला तवा, आणि वाटलं, बिचाऱ्यांना या वयात घासणं होत नसेल, आपणच लख्ख करून ठेवू, आल्या की डोळे दिपतील.

मग काय, ड्रिल मशीन काढलं, त्याला तारेचा ब्रश लावला, आणि रविवारी गॅलरीत चार तास बसलो. काळी भुकटी इतकी उडाली की शिंकलो तर रुमाल शाईत बुडवल्यासारखा झाला, पण खालून रुपेरी लोखंड निघालं हो, मी त्यात स्वतःचं तोंड पाहून भांगसुद्धा पाडला! ती काळी पुटं म्हणजे घाण नव्हती, एक्केचाळीस वर्षांचं मुरलेलं तेल होतं, त्यामुळेच तर त्यावर काही चिकटत नव्हतं... हे मला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तर मी ऐकणार होतो का? उरलीसुरली भुकटी निघावी म्हणून तवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि विसरलो. आठवला थेट मंगळवारी. बाहेर काढला तर हा असा, नारिंगी. गंजाने भरलेला.

पळालो हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, तेल लावून तापवा, होईल ठीक. किती तेल, हे विचारायची मला गरज वाटली नाही. वाटीभर ओतलं, गॅस मोठा केला, धूर इतका झाला की शेजारचे रिटायर्ड मास्तर ओला टॉवेल तोंडाला लावून दारात उभे. आणि तव्यावर काय झालं, तर चिकट, तपकिरी थर, डिंकासारखा, बोट ठेवलं तर सोडेना. पण हेतू, तुम्हाला सांगतो, तोपर्यंत तरी चांगलाच होता.

मी म्हटलं, दोघी यायला अजून दोन दिवस आहेत, करू काहीतरी. तर दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली, दोघी दारात! मेहुणीकडे पाणी येत नव्हतं म्हणे. सासूबाईंनी चप्पल काढली, हात धुतले, गॅस लावला आणि तव्यावर अंडं फोडलं. ते अंडं तिथे कायमचं राहायलाच आलं. उलथन्याने रेटलं, खरवडलं, हलेना. त्यांनी गॅस बंद केला, तव्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तवा कुणी घासला?"

आता बघा, सिंकपाशी आमच्या भांडीवाल्या मावशी कप विसळत होत्या. नऊ वर्षं येतायत, त्या तव्याला कपड्याने पुसण्यापलीकडे त्यांनी कधी हात लावला नाही. मी पाणी पीत होतो. घोट गिळला, आणि तोंडातून निघून गेलं, "मावशींनी घासला असेल. नवी घासणी आणून दिलीय ना त्यांना."

मावशींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग नळ बंद केला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे. त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं," आणि खोलीत जाऊन बसल्या. मावशींनी राहिलेले कप विसळले, ओटा पुसला, गेल्या. मी तिथेच, ग्लास हातात. इथे मात्र, तुम्हाला सांगतो, हेतूसुद्धा चांगला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी परत आल्या. दुपारी त्यांचं आमच्याकडे काम नसतं. म्हणाल्या, तवा द्या, वळणावर आणते. मी नुसताच घुटमळत राहिलो, तर माझ्याच हातात घासणी दिली. डिंक खरवडायला लावला, व्हिनेगर लावून गंज काढायला लावला, धुऊन गॅसवर पार कोरडा करायला लावला. मग तेल, किती, तर चार थेंब. ते चोळायचं, आणि लगेच पुसून टाकायचं, तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत. मग धूर निघेस्तोवर तापवायचं, गार होऊ द्यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून चार थेंब. असं चार दुपारी! चौथ्या दुपारी मला राहवेना, म्हटलं, मावशी, तो तवा...

त्या पुसतच राहिल्या. म्हणाल्या, "ठाऊक आहे, दादा. तुमच्या नखांत गंज होता त्या दिवशी."

मग बोलला का नाहीत, म्हटलं. तर म्हणाल्या, "मी बोलले असते, तर खरं कुणाचं धरलं असतं?"

मी तव्याकडे बघत बसलो. आता त्यात तोंड दिसत नव्हतं, तेवढंच बरं.

संध्याकाळी सासूबाईंसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, ड्रिल, बादली, वाटीभर तेल, सगळं. बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, तव्याचं मला कळलं. तिचं काय?"

सकाळी मावशी आल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागितली. काय बोललो आठवत नाही, आवाज फाटला होता. मावशी म्हणाल्या, बरं. सासूबाईंनी तव्यावर अंडं फोडलं, ते सुटलं, कडेला थोडं धरलं. पूर्वीसारखं व्हायला वर्षं लागतील म्हणाल्या.

तेव्हापासून सासूबाई गावाला निघाल्या की तवा मावशींच्या घरी राहायला जातो. जड आहे, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे. तीन जिने चढतो, धापा टाकतो, मावशी तवा दोन्ही हातांनी घेतात, बसा म्हणतात, चहा देतात. परवा चहा पिऊन झाला, म्हटलं कप तरी विसळून ठेवावा, म्हणून उठलो... तर मावशी आतून म्हणतात, "राहू द्या, दादा. तुम्ही नका हात लावू."