कॉलमची सोय झाली, माझं काय?

…आणि वर मलाच विचारतात, एका कॉलमचं नाव बदलायला अख्खी दुपार लागते का? लागते! माझ्या जागी येऊन बसा, मग बोला!

तुम्हाला सांगते, काम साधं होतं. तोतारामनानांची शिंदखेड्याला कापसाची जिनिंग, त्यांचा हिशेब जुन्या प्रोग्रॅमातून नव्यात घ्यायचा. नानांच्या टेबलात साफ रुईचा एक कॉलम, त्याचं नाव 'क्लीन'. आता नवा प्रोग्रॅम उभा करायचा तर फ्रेमवर्क लागतं, म्हणजे काय, आयतं घर हो! ओटा, नळ, दिवे सगळं आधीच बसवलेलं. त्या घरात एक 'क्लीन' आधीपासून नांदत होती, माहिती तपासणारी. घराने हाक मारली 'क्लीन!' की आमच्या नानांची रुई पुढे! प्रोग्रॅम आडवा! एरर काय म्हणावी? सरळ मराठीत सांगायचं तर, हे नाव घरात आधीच आहे!

बस्स… माझा हातच थांबला. अहो, हे वाक्य मी ऐकलंय! हळदीच्या अंगाने ऐकलंय!

मी अमळनेरची ज्योती. धुळ्याला दिली, आणि मोठी जाऊ कोण? ज्योती! सासूबाई म्हणाल्या, "एक घरमा दोन ज्योती कश्या चालतीन? भूमिका नाव भारी शे!" झालं, ताटात तांदूळ पसरले, आमच्या ललितरावांनी अंगठीने लिहिलं 'भूमिका', सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला, गोड होता, नाही म्हणत नाही. पण नाव गेलं म्हणून हाक ऐकू यायची थांबते का? रोज सकाळी सासूबाईंचा आवाज, "ज्योती, दूध उतू चालनं वं!" आणि माझे पाय निघाले! मी स्वयंपाकघरात हजर, जाऊबाई आधीच गॅसपाशी, आणि सासूबाई, "तुले नही वं, ज्योतीले हाक मारी!" रोज माझं नाव घेतात हो… आणि रोज मला नाही.

तर ऑफिसात आमचे रतिलाल सर म्हणतात, "मॅडम, अडलात काय? टेबलात 'क्लीन'च राहू द्या, बाहेर हाक मारायला 'रुई' म्हणा. तशी सोय असते." सोय! आतलं नाव तसंच, फक्त हाक वेगळी! कापसाला एवढा मान! मी एका ओळीत सोय केली, प्रोग्रॅम धावला, आणि मी पदराने डोळे पुसले. सरांना वाटलं, एसीमुळे.

मनात म्हटलं, असू दे, माझं नाव माहेरी तर शाबूत आहे! शनिवारी एसटीने जायचं, दारातूनच आईने "ज्योते!" म्हणायचं, एवढ्यावर मी आठवडा काढते. मग प्रेमराजचं, माझ्या भावाचं, लग्न ठरलं. मुलीचं नाव? अहो, ज्योती! मी तर मनातून खूशच, म्हटलं आता बघा, आता माझी आई तांदळाचं ताट मागवणार आणि ठणकावून सांगणार, हे नाव घरात आधीच आहे! लग्न लागलं, ताट आलंच नाही. मी आईला बाजूला घेतलं, तर ती म्हणते कशी, "तू गयी ना वं सासरी, नाव मोकळंच व्हतं!"

मोकळं! माझं नाव मोकळं होतं!

परवाच्या शनिवारी गेले. आईने गालावरून हात फिरवला, पिशवी घेतली, आत वळून ओरडली, "ज्योती, भूमिकाताईले पानी लई ये!"

आणि तुम्हाला सांगते… मी निम्मी उठले होते हो.